पाच वाजताचं कुंकू

"आई आम्हाला ओळखत नाही. घरीच ठेवावी, की दिवसभर कुठं नेऊन सोडावी?" असं विचारणारा माणूस मला महिन्यातून एखादा भेटतोच. मी आता एका दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत असतो. म्हातारी माणसं सांभाळायच्या त्या जुन्या कामाशी संबंध सुटून काही वर्षं झाली, पण पेठेत लोकांच्या ते लक्षात आहे. भाजी घेताना, दाढी करून घेताना, एकदा तर मयतीला खांदा देऊन परत फिरताना मला हा प्रश्न विचारला गेला. मी दर वेळी काहीतरी उत्तर देतो आणि घरी आल्यावर ते बरोबर होतं का याचा विचार करत बसतो. म्हणून दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा हौसाक्कांबद्दलच लिहायचं ठरवलं. या कामातलं मला जे कळलं ते त्यांच्यामुळं कळलं, आणि जे चुकलं तेही त्यांच्याच बाबतीत.

आणीबाणी उठल्यानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मंगळवार पेठेत आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. पुढं तपासायची खोली, मागं लांब पडवी, तिच्यापुढं परसू आणि परसात रामफळाचं झाड. मी तिथं ब्रदर होतो, म्हणजे रीतसर शिकलेला पुरुष नर्स. कोल्हापुरात मात्र पांढरे कपडे घालून दवाखान्यात वावरणारा प्रत्येक पुरुष कंपौंडर असतो, त्यामुळं मीही कंपौंडरच होतो.

पडवीत म्हातारी माणसं बसवायची असं कुणी ठरवलं नव्हतं. एका दुकानदाराने आपल्या वडलांना सकाळी आणलं, "एवढं गिऱ्हाईक बघून येतो, तोवर बसू द्या," म्हणाला आणि दिवेलागणीला आला. दुसऱ्या दिवशी परत तेच. डॉक्टरांनी त्याला झापलं, पण म्हाताऱ्याला हाकललं नाही. मग दुसरं कुणीतरी आलं, तिसरं आलं. वर्षभरात पडवी भरली. डॉक्टर या आजाराला डिमेन्शिया म्हणत. घरची माणसं म्हातारचळ म्हणत, कुणी डोकं उतरलं म्हणत, आणि शेजारीपाजारी करणी म्हणत. आमच्या पडवीला सगळी पेठ 'म्हाताऱ्यांची बालवाडी' म्हणायची. पहिल्यांदा मला त्याचा राग यायचा. पुढं रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मीसुद्धा तेच नाव सांगू लागलो.

बाहेरच्या माणसाला हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. औषध जवळजवळ नव्हतंच. अंघोळ, जेवण, लघवीला वेळेवर नेणं आणि हातांना काहीतरी उद्योग देणं, एवढंच काम. "मला ओळखलं का?" हा प्रश्न कधी विचारायचा नाही, कारण ती परीक्षा असते आणि समोरचा दर वेळी नापास होतो. वहाणा डोळ्यांसमोर ठेवायच्या नाहीत. वहाण दिसली की माणसाला जायची आठवण होते. दाराची कडी खाली न लावता वर लावायची. खालची कडी हात सवयीनं काढतो, वर बघायचं सुचत नाही. आणि वाद घालायचा नाही. मेहबूबचाचा म्हणून एक कल्हईवाले होते. ते बादली दिसली की तिच्यात उभे राहून कमरेला झोके देत पाय फिरवायचे. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याच्या अंगात आलं. जन्मभर हंडे-पातेल्यांत वाळू टाकून, आत उभं राहून ती पायांनी घासलेली होती त्यांनी. आम्ही त्यांना जुनं पातेलं आणि मूठभर वाळू दिली. दुपारभर पातेलं घासून झालं की ते चहा मागायचे आणि शांत झोपायचे. घरात असं पातेलं देता येत नाही, कारण घरात फरशी असते, सून असते आणि ती फरशी सुनेलाच पुसायची असते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पडवीतली खरी वेळ म्हणजे संध्याकाळचे पाच. तोवर गाईसारखी बसलेली माणसं त्या वेळेला उठतात, दाराशी घुटमळतात, घरी जायचंय म्हणतात. ते घर बहुतेक वेळा या जगात उरलेलं नसतं. कुणाचं माहेर मलकापूरच्या पलीकडं असतं, कुणाची खोली कधीच पाडलेली असते. आणि आम्हालाही नेमकं त्याच वेळी सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावायचं असायचं.

हौसाक्कांना त्यांचा मुलगा शामराव घेऊन आला. तो उद्यमनगरात लेथ मशीनवर होता. त्याची बायको मालन म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती आणि अजून कायम झाली नव्हती. हौसाक्कांचे मालक, म्हणजे शामरावचे वडील, कळंब्याच्या जेलवर शिपाई होते. ते जाऊन आठ वर्षं झाली होती. हे शेवटचं शामरावने मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं. "आई त्यांची वाट बघती. आमी खरं काय ते सांगतो. खोटं आमच्या घरात चालत न्हाय. तुमीबी खोटं बोलू नका."

मी बरं म्हणालो.

हौसाक्का ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. कपाळावर हिरवं गोंदण. पडवीत त्या पाहुणी म्हणून यायच्या. कुणाच्या घरी ते रोज वेगळं असायचं, पण पाहुणीचा मान मात्र कायम. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या रिकाम्या मनगटांकडं बघून आमच्या आयाला, हमीदाबीला, स्वतःच खुलासा दिला, "बांगड्या वाढवल्यात गं, कासार यायचा हाय." दुपारभर त्यांनी शेंगा फोडल्या, मेहबूबचाचांना "पावणं, पातेल्याला भोक पाडशीला" म्हणून दम दिला. पाच वाजता रिक्षा आली. हौसाक्का पदर सावरून उठल्या आणि दाराजवळ थांबल्या.

"चला की, आक्का," हमीदाबी म्हणाली.

"चला काय? अशीच जाऊ? कुंकू न्हाय लावायचं?"

हमीदाबीने माझ्याकडं बघितलं. सवाष्ण पाहुणी कुंकू लावल्याशिवाय दारातून जात नाही, हे हमीदाबीला शेजाराने माहीत होतं. हौसाक्का सवाष्ण नाहीत हे तिला मी सांगितलेलं होतं.

"त्यांची जेलवरची पाळी सुटायची येळ झाली," हौसाक्का म्हणाल्या. "घरात दिवा लावायचाय. पर तुमच्या घरची रीत काय बाई म्हणायची ही?" आणि त्या परत खाली बसल्या.

रिक्षावाला हाका मारत होता. मी हमीदाबीला म्हणालो, "बाहेरच्या भाजीवालीकडून चिमूटभर कुंकू आण."

तिने आणलं आणि लावलं. हौसाक्का ताबडतोब उठल्या, "येतो हं," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. मी हमीदाबीला बरोबर पाठवलं आणि सांगितलं, त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ओल्या रुमालाने कपाळ पूस. तिने पुसलं. घाम पुसते असं म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती पडवीची पद्धतच झाली. पाच वाजता कुंकू, कोपऱ्यावर रुमाल. मी ते दयेपोटी केलं असं कुणी समजू नये. मला वेळेवर कुलूप लावायचं होतं. घरी हौसाक्का हट्ट करायच्या, रडायच्या, असं शामराव सांगायचा आणि मी मनात म्हणायचो, आमच्याकडं बघा कशा राहतात. या कामात असा गर्व फार लवकर येतो.

हमीदाबीला एकदाच संकोच वाटला होता. "पाप न्हाय ना हो लागायचं मला?" तिने विचारलं.

"लावायचं का पुसायचं?"

"पुसायचं," ती म्हणाली.

पितृपंधरवड्यात एका सकाळी शामराव म्हणाला, "आज घरात आबांचा म्हाळ हाय. पावणंरावळं येणार, सांजच्यापतुर पंगती चालतील. आईला जरा उशिरा सोडा." हमीदाबी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. संध्याकाळी हौसाक्का नेहमीसारख्या दारात थांबल्या. पुरुषाने परक्या बाईला कुंकू लावायचं नसतं, म्हणून मी करंडा त्यांच्यापुढं धरला. त्यांनी स्वतःच्या हाताने बंद्या रुपयाएवढं ठसठशीत लावलं.

रिक्षा मिळाली नाही, म्हणून आम्ही चालत निघालो. कोपऱ्यावर आलो. ओला रुमाल माझ्या खिशात होता. समोर पानपट्टी, तिथं चार माणसं उभी. रस्त्यात एका बाईच्या कपाळाला हात लावायचं मला धाडस झालं नाही. मी रुमाल त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आक्का, तोंड पुसा, घाम आलाय."

त्यांनी गळा पुसला, गाल पुसले, हनुवटी पुसली. कपाळ पुसताना भुवयांच्या वरून बोट वळवून कुंकू तेवढं नीट वाचवलं. जन्मभर तसंच पुसलेलं असतं बायकांनी. मी रुमाल परत घेतला आणि घराकडं चालू लागलो. वाटलं, दारात अंधार असेल, गडबड असेल, लक्षात येणार नाही.

सोप्यात शेवटची पंगत बसली होती. भिंतीशी पाटावर खाकी कपड्यांतल्या जेल शिपायाचा फोटो, त्याला झेंडूचा हार. हौसाक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांचे हात पानातच थांबले.

"पावणं आल्यात की," त्या खूश होऊन म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "मालन, अगं त्यांची पाळी सुटायची हाय अजून. त्यांच्या आधी पंगत कशी बसवली?"

त्यांचं लक्ष फोटोकडं गेलं.

"हार कशाला घातलासा? बढती मिळाली व्हय?"

तेवढ्यात शामरावची आत्या, म्हणजे हौसाक्कांची नणंद, पानावरून उठली. "कुणी लावलं हे? माझ्या भावाच्या म्हाळादिवशी?" म्हणत तिने उष्ट्या हाताने हौसाक्कांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातल्या पदराने कपाळ खसाखसा पुसलं. हौसाक्का ओरडल्या. शामराव मधे आला. तो आईला धरून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, आबा गेलं. आठ वर्षं झाली. म्हाळ हाय त्यांचा."

हौसाक्का मटकन खाली बसल्या. नवरा मेल्याची बातमी ऐकून बाई जशी रडते तशा त्या रडल्या. ती बातमी त्यांना त्याच क्षणी समजली होती. पंगतीतली दोन माणसं पान तसंच टाकून उठली.

शामराव माझ्याकडं वळला. आवाज चढवला नाही. "कंपौंडर, माझ्या बापाला जित्ता केलासा व्हय तुमी? उद्यापासनं आई न्हाय यायची."

मी त्यांची पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि परत फिरलो.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आठवड्यातनं दोनदा त्यांच्या घरी जा. अंघोळीला, नखं कापायला मदत कर. आणि काय होतंय ते बघ." शामराव नको म्हणेल असं मला वाटलं होतं, पण दार मालनने उघडलं आणि तिने मला आत घेतलं. ती शाळेतून बिनपगारी रजेवर होती. अशी रजा फार दिवस चालली तर तिची जागा दुसऱ्या बाईला मिळणार होती.

त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा पाचचे सहा, सहाचे सात होताना पाहिले. पडवीत पाच वाजता आमचं काम संपायचं. इथं तेव्हा सुरू व्हायचं. हौसाक्का कळंब्याला जायचं म्हणून दार ठोकायच्या, मालनला उलथन्याने मारायच्या, मालन ते उलथनं काढून घेऊन त्यानेच भाकरी उलटायची. शामराव कामावरून आला की खरं सांगायचा. हौसाक्का रडायच्या. रडून दमल्या की विसरायच्या, आणि दिवा लागला की पुन्हा विचारायच्या. मी तिथं एक-दीड तास असायचो, तेवढ्यात माझं डोकं भणभणायचं. काही तासांपुरता शहाणपणा कुणालाही जमतो, आणि तोही पगार घेऊन, हाताखाली हमीदाबीसारखी बाई असताना, हे मला त्या सोप्यात कळलं.

आणखी एक गोष्ट तिथंच पाहिली. पडवीत हौसाक्का अर्धी भाकरी खायच्या आणि आम्ही ती बरीच समजायचो. मालनच्या हातून त्या अख्खी खायच्या. मालन घास भरवायची तेव्हा त्या तिला "आये" म्हणायच्या. मालन त्याला ओ द्यायची.

"तुम्ही ओ देता?" मी न राहवून विचारलं.

"मग काय करू? सून हाय म्हणून सांगू? सून म्हटल्यावर जेवतील व्हय त्या?" ती हसली. "ह्यांच्यासमोर न्हाय देत. ह्यांना खोटं चालत न्हाय."

मग तिने माझ्याकडं सरळ बघितलं. "किती दिवस लावत होतासा कुंकू?"

मी सांगितलं, पहिल्या दिवसापासून. कोपऱ्यावरच्या रुमालाचंही सांगितलं. आम्हाला वेळेवर बंद करता यावं म्हणून लावत होतो, हेही सांगितलं. ती बराच वेळ पीठ मळत राहिली.

"आठ वर्षांमागं त्या एकदाच विधवा झाल्या हो," ती म्हणाली. "आता आमी रोज करालोय."

पुढच्या सोमवारी सकाळी मालन स्वतः हौसाक्कांना घेऊन पडवीत आली. हातात शाळेची पिशवी होती. हमीदाबी तोवर परत आली होती. मी मालनला म्हणालो, "शब्द देतो, कुंकू लावणार नाही."

"लावा," मालन म्हणाली. "पुसायचं तेवढं कोपऱ्यावर पुसा. ह्यांना सांगितलंय मी, परत पाठवते म्हणून."

"काय म्हणाले?"

"गप बसलं."

मला वाटलं, दोन दिवसांत भांडण होणार आणि यावेळी आत्या पडवीत येणार. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी पाच वाजता हमीदाबी करंडा घेऊन हौसाक्कांसमोर बसली होती आणि दारात शामराव येऊन उभा राहिला. तो कधी न्यायला येत नसे. आज कामावरून थेट आला होता, अंगावर तेलकट खाकी कपडे होते. हमीदाबीचं बोट करंड्यातच राहिलं. मी उठून उभा राहिलो.

हौसाक्कांनी मान वर केली. दाराकडं बघून त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

"आलासा व्हय? सुटली पाळी?"

शामरावने माझ्याकडं बघितलं नाही, हमीदाबीकडंही नाही. पडवीत मेहबूबचाचांच्या पातेल्यातली वाळू तेवढी खरखरत होती. हौसाक्का हमीदाबीला कोपराने ढोसून म्हणाल्या, "लाव की गं. त्यास्नी बघून तू कशाला लाजतीस?"

हमीदाबी तशीच बसून होती.

"लावा," शामराव म्हणाला.

तिने लावलं. हौसाक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"सुटली व्हय पाळी?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"सुटली," तो म्हणाला. "चल."

दोघं फाटकातून बाहेर पडली. तो पुढं आणि त्या दोन पावलं मागं, नवऱ्यामागं बाई चालते तशा. हमीदाबी सवयीने रुमाल ओला करून त्यांच्या मागं धावली. मी फाटकाशी उभा राहून बघत होतो. ती त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली असेल. परत आली तेव्हा रुमाल तिच्या हातात तसाच होता, लाल डाग न लागलेला.

"पुसायचं न्हाय म्हणालं शामराव," ती म्हणाली आणि रुमाल पिळून दोरीवर वाळत घातला.